उतारावरची पेटी: बलाने एक उत्तर, ऊर्जेने दुसरं, असं होऊच शकत नाही

तुझा प्रश्न आधी मांडून घेते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. उतार ५ मीटर लांब, ३ मीटर उंच. माथ्यावर २० किलोची पेटी स्थिर ठेवलेली आहे आणि ती सोडून दिली. पेटी आणि उतार यांच्यातला घर्षणांक (घर्षण हे दाबाच्या बलाच्या किती पट, तो आकडा) ०.२५. तळाशी पोहोचताना तिचा वेग किती? न्यूटनच्या नियमाने तुला ६.३२ मीटर प्रति सेकंद आलं, ऊर्जेच्या पद्धतीने १० आलं. मित्र म्हणतो की ऊर्जेची पद्धत जास्त अचूक, तेच उत्तर लिही. शिवाय तू आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेस: मशीद बंदरला माथाडी कामगार फळी लावून ट्रकवर माल चढवतात, त्यात त्यांचं काम वाचतं का? आणि खंडाळ्याच्या घाटातून एकाच वेगाने उतरणाऱ्या ट्रकची उंचीची ऊर्जा जाते कुठे?

६.३२ बरोबर आहे, १० चूक आहे. आणि दोन पद्धतींपैकी एक अचूक, दुसरी कमी अचूक, असा प्रकार नसतोच. बलांची पद्धत आणि ऊर्जेची पद्धत हे एकच विधान दोन रूपांत आहे. उत्तरं वेगळी आली की कुठेतरी काहीतरी दोनदा धरलं गेलंय किंवा सुटलंय, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि उतारावरच्या गणितात मुलांचे गुण जिथे जातात ती जागा नेमकी हीच.

आकडेमोड सोपी व्हावी म्हणून गुरुत्व त्वरण १० धरते. पेटीचं वजन २०० न्यूटन. उतार ५ ला ३ असल्यामुळे कोनाचा साइन ०.६ आणि कॉस ०.८ (पाठ्यपुस्तकांचा लाडका ३७ अंशांचा कोन). वजनाचा उतारालगतचा घटक १२० न्यूटन, उताराला लंब घटक १६० न्यूटन. लंब दिशेला पेटी हलत नाही, म्हणून उतार तिला १६० न्यूटननेच उलट ढकलतो. हे अभिलंब बल, वर्गात आपण ज्याला नॉर्मल म्हणतो ते. घर्षण त्याच्या ०.२५ पट, म्हणजे ४० न्यूटन, गतीच्या विरुद्ध, उताराने वरच्या बाजूला. उरलं ८० न्यूटन. २० किलोला ८० न्यूटन म्हणजे त्वरण ४. वेगाचा वर्ग दोन गुणिले ४ गुणिले ५, म्हणजे ४०. वेग ६.३२. इथपर्यंत तू अगदी नीट आला आहेस, आणि आकृतीही स्वच्छ काढली आहेस.

आता तुझी ऊर्जेची ओळ पाहू. तू लिहिलंस: कमी झालेली स्थितिज (उंचीमुळे असलेली) ऊर्जा ६०० ज्यूल, अधिक गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य ६०० ज्यूल, वजा घर्षण २०० ज्यूल, म्हणून गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जा १००० ज्यूल. त्यातून वेग १०.

पहिले दोन आकडे पुन्हा बघ. दोन्ही ६००, आणि तो योगायोग नाही. स्थितिज ऊर्जा ही गुरुत्वाकर्षणाच्या कार्यासाठीच केलेली सोय आहे. गुरुत्वाने ६०० ज्यूल कार्य केलं म्हणायचं, किंवा स्थितिज ऊर्जा ६०० ज्यूलने घटली म्हणायचं. दोन्ही म्हणायचं नाही. फक्त पेटीलाच आपली व्यवस्था (ज्याचा हिशेब मांडायचा तेवढा भाग) मानलंस, तर पृथ्वी बाहेरची झाली: तिचं ओढणं हे बाहेरचं बल, त्याचं कार्य लिही, आणि स्थितिज ऊर्जेचं नावही काढू नकोस. पेटी आणि पृथ्वी दोन्ही व्यवस्थेत घेतलीस, तर गुरुत्व आतलं झालं: मग स्थितिज ऊर्जा लिही आणि गुरुत्वाचं कार्य लिहू नकोस. कोणतीही निवड चालते. निवड न करता पेन उचललं की घोळ होतो. ६०० वजा २०० म्हणजे ४००. २० किलोच्या पेटीची गतिज ऊर्जा ४०० ज्यूल म्हणजे वेगाचा वर्ग ४०. आलं ना तेच?

हे १० उत्तर चुकीचं आहे हे मला तुझी पायरी न बघताही कळलं असतं, आणि ही युक्ती तूही अंगी बाणवावीस. हीच पेटी उतार काढून टाकून ३ मीटरवरून सरळ खाली सोडली, हवेचा विरोधही नाही, तर तळाशी वेगाचा वर्ग ६० येतो, वेग ७.७५. घर्षण असलेल्या उतारावरून आलेली पेटी त्याहून वेगाने कशी येईल? उतारावरच्या प्रत्येक गणितात ही वरची मर्यादा आधीच काढून ठेवायची. परीक्षेत दहा सेकंद लागतात.

गुळगुळीत उतार असेल तर मात्र उत्तर नेमकं ७.७५ च येतं, मग उतार ५ मीटर लांब असो की ५० मीटर, सरळ असो की बागेतल्या घसरगुंडीसारखा वळणावळणाचा. गुरुत्वाचा हिशेब फक्त उंचीवर चालतो. दादरहून ठाण्याला स्लो लोकलने जा की फास्टने, तिकीट तेवढंच. लागणारा वेळ मात्र निराळा. गुळगुळीत उताराचंही तसंच: तळाशी वेग सारखा, पण सरळ उतार जितका लांब तितका वेळ जास्त. म्हणूनच 'किती वेळात' असा प्रश्न असेल तर बलांकडे जावं, 'किती वेग' किंवा 'किती उंच' असेल तर ऊर्जेकडे. तुझ्या पेटीला तळाशी यायला ६.३२ भागिले ४, म्हणजे १.५८ सेकंद लागतात; हा आकडा ऊर्जेच्या एका ओळीतून मिळत नाही.

दोन्ही पद्धती एकच का, तेही बघून घे. निव्वळ बल ८० न्यूटन, अंतर ५ मीटर, गुणाकार ४०० ज्यूल. ती झाली गतिज ऊर्जा. न्यूटनचा नियम त्या क्षणी काय चाललंय ते सांगतो. तोच नियम सगळ्या अंतरावर गोळा केला की ऊर्जेचं समीकरण तयार होतं. ऊर्जा हा वेगळा धडा आहे खरा, पण नवा नियम नाही.

घर्षणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण उताराचं गणित खरं रंगतं ते घर्षणामुळे. पहिली गोष्ट, घर्षणाची दिशा पाठ करायची नसते. तळाशी पेटीला ८ मीटर प्रति सेकंदाचा धक्का देऊन वर सोडलीस, तर चढताना घर्षण खालच्या दिशेला असतं, गुरुत्वाच्या जोडीला. १२० अधिक ४० म्हणजे १६० न्यूटन तिला अडवतात, त्वरण उलट दिशेने ८. ती ४ मीटर चढून थांबते. उतरताना घर्षण वरच्या दिशेला वळतं, निव्वळ बल ८० न्यूटन, त्वरण ४, आणि ती तळाशी ५.६६ वेगाने पोहोचते. चढायला १ सेकंद, उतरायला सुमारे १.४१ सेकंद. ऊर्जेने ताळा कर: निघताना ६४० ज्यूल. चढताना घर्षणात १६०, उरले ४८० उंचीत (२.४ मीटर गुणिले २०० न्यूटन). उतरताना आणखी १६० गेले, हातात ३२०. वेगाचा वर्ग ३२. जुळलं. अशी दोन्ही बाजूंनी जुळणारी गणितं स्वतः बनवून सोडव; पुस्तकातली वीस गणितं सोडवण्यापेक्षा त्याने जास्त फायदा होतो.

दुसरी गोष्ट, घर्षण म्हणजे नेहमी घर्षणांक गुणिले नॉर्मल नव्हे. घसरणाऱ्या वस्तूसाठी तो गुणाकार खरा. स्थिर वस्तूसाठी तो फक्त कमाल मर्यादा सांगतो. पेडर रोडच्या चढावर हँडब्रेक लावून उभ्या असलेल्या टॅक्सीच्या चाकांवर घर्षण किती? तिला जागेवर धरायला लागतं तेवढंच, वजनाच्या उतारालगतच्या घटकाएवढं. रस्ता कोरडा असो की ओला, टॅक्सी हलत नाही तोवर तो आकडा बदलत नाही. बदलते ती मर्यादा. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-मातीचा राप पसरला की ती मर्यादा खाली येते, इतकंच.

आता मशीद बंदर. तुझ्या प्रश्नांतला हा मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर बहुतेक पुस्तकं अर्धंच देतात. पुस्तक म्हणतं: फळीमुळे बल कमी लागतं, कार्य तेवढंच राहतं. घर्षण नसेल तर ते खरं. पण पेटी घासत जात असेल, तर कार्य वाढतं. तुझीच पेटी त्याच उतारावरून एकसारख्या वेगाने वर ढकलायची तर १२० अधिक ४०, म्हणजे १६० न्यूटन लागतात. ५ मीटरला ८०० ज्यूल. सरळ उचलली असती तर २०० न्यूटन गुणिले ३ मीटर, ६०० ज्यूलच. वरचे २०० ज्यूल फळी आणि पेटीचा तळ तापण्यात गेले. म्हणजे कामगार जास्त कार्य करतो, आणि तरी फळी लावतो, कारण माणसाच्या शरीराची अडचण एका वेळी किती जोर लावता येतो याची आहे. २० किलो कुणीही उचलेल. १०० किलोचा डाग ३ मीटर वर उचलायला दोन धडधाकट माणसंही कमी पडतील, तोच फळीवरून रेटता येतो.

यात एक सुंदर बारकावा आहे. सरळ फळीवर घर्षणात जाणारी ऊर्जा फळीच्या लांबीवर नाही, फळीखालच्या जमिनीवरच्या अंतरावर ठरते. नॉर्मलमध्ये कॉस आहे, त्याला लांबीने गुणलं की पायथ्याचं आडवं अंतरच मिळतं. आपल्या फळीचा पाया ४ मीटर: ०.२५ गुणिले २०० गुणिले ४, म्हणजे २०० ज्यूल. तेवढ्याच उंचीला १० मीटरची फळी लावली तर पाया ९.५४ मीटर होतो, घर्षण ४७७ ज्यूल खातं, पण लागणारं बल १६० वरून १०८ न्यूटनवर येतं. जोर वाचवायचा तर ऊर्जा जास्त मोजावी लागते, हा व्यवहार इथे आकड्यात दिसतो.

आणि ढकलायचं कसं? आता पुढच्या वेळी तिथून जाशील तेव्हा ढकलणाऱ्या माणसाकडे नीट बघ. तो कमरेत वाकून हात फळीला समांतर आणतो. समज तो ताठ उभा राहून आडवा, जमिनीला समांतर जोर लावू लागला. मग त्याच्या जोराचा काही भाग पेटीला फळीवर दाबण्यात जातो, नॉर्मल वाढतं, घर्षणही वाढतं. समीकरण मांडलंस तर १६० न्यूटनच्या जागी २४६ न्यूटन लागतात, आणि ८०० ज्यूलच्या जागी सुमारे ९८५. जास्तीचे १८५ ज्यूल सगळे घर्षणात. 'नॉर्मल म्हणजे वजन गुणिले कॉस' हे पाठ केलेलं वाक्य इथे दगा देतं. नॉर्मल दर वेळी लंब दिशेच्या सगळ्या बलांवरून काढायचं.

अजून एक गोष्ट, जी गणितात कुणीच विचारत नाही. पेटी ढकलणारा माणूस स्वतः कशावर उभा आहे? त्याच फळीवर. समज तो ६० किलोचा आहे. ३७ अंशांवर त्याच्या स्वतःच्या वजनाचा उतारालगतचा घटक ३६० न्यूटन, त्यात पेटीची १६० न्यूटनची प्रतिक्रिया; एकूण ५२० न्यूटन घर्षण त्याच्या तळपायाखाली हवं. त्याच्यावरचं नॉर्मल फक्त ४८०. म्हणजे घर्षणांक १.०८ लागेल. साध्या लाकडावर साध्या चपलेला हे जमणं कठीण. माणूसच पेटीसकट खाली येईल. म्हणून इतकी उभी फळी कुणी लावत नाही, आणि जिथे चढ जास्त असतो तिथे फळीवर आडव्या पट्ट्या ठोकतात, म्हणजे पाय घर्षणावर नाही, पट्टीवर टेकतो. खऱ्या जगातला आकडा घेऊ: ट्रकचा हौदा साधारण १ मीटर उंच, फळी ५ मीटर. पेटीला ८९ न्यूटन लागतात, माणसाच्या पायाखाली २०९ न्यूटन, नॉर्मल ५८८. घर्षणांक सुमारे ०.३६ पुरतो. आणि इथे आणखी एक सोय आपोआप होते. या फळीच्या कोनाचा टॅन सुमारे ०.२, पेटीच्या घर्षणांकाहून कमी. ढकलणाऱ्याने दम घ्यायला हात काढले तरी पेटी जागच्या जागी राहते, अंगावर येत नाही.

हातगाडीचं नेमकं उलट. चाकांमुळे घासणं जवळजवळ संपतं, ढकलणं सोपं होतं, आणि म्हणूनच उतारावर ती जास्त धोकादायक. माल भरून ३०० किलोची गाडी, पुलाचा उतार ३० मीटरला १ मीटर धरला, तर तिला नुसतं धरून ठेवायला १०० न्यूटन लागतात; एका माणसाला सहज जमतं. पण हात सुटला आणि १५० मीटर उतार पुढे असेल, तर ५ मीटर उंची गेली, वेग १० मीटर प्रति सेकंदापर्यंत जाऊ शकतो. ताशी ३६ किलोमीटरने येणारे ३०० किलो, १५,००० ज्यूल. हळू उतरवताना मागून दोर ताणून धरणाऱ्याचं महत्त्व या आकड्यात आहे.

(चाक न घसरता फिरत असेल तर टेकलेल्या बिंदूपाशी घर्षण असूनही ते कार्य करत नाही, कारण तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. मात्र थोडी ऊर्जा फिरण्यात जाते. भरीव गोळा उतारावरून गडगडत येतो तेव्हा त्याचं त्वरण गुळगुळीत घसरणीच्या पाच सप्तमांशच असतं. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेले उतारावरचे प्रयोग गडगडणाऱ्या गोळ्याचेच होते. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हा त्याचा निष्कर्ष या फिरण्यामुळे बिघडत नाही, कारण पाच सप्तमांश हा आकडा सगळ्या प्रवासात तोच राहतो. हा भाग तुला पुढे येईल.)

आता घाट. ट्रक एकाच वेगाने उतरतोय, म्हणजे निव्वळ बल शून्य, गतिज ऊर्जा तेवढीच. इथे मुलं लिहितात 'एकूण कार्य शून्य, म्हणून ऊर्जेत बदल नाही'. एकूण कार्य शून्य, हे खरं. पण त्याचा अर्थ फक्त गतिज ऊर्जा बदलली नाही असा होतो. गुरुत्वाने दिलेलं सगळंच्या सगळं मुख्यतः ब्रेक आणि इंजिन, आणि थोडं हवा नि रस्ता घेतात, आणि त्याची उष्णता होते. १६ टन वजनाचा भरलेला ट्रक ५०० मीटर उंची उतरला, तर १६,००० गुणिले १० गुणिले ५००, म्हणजे ८ कोटी ज्यूल. घरच्या विजेच्या भाषेत सुमारे २२ युनिट. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं अडीचशे लिटर पाणी उकळीला येतं. ती सगळी ब्रेकच्या ड्रमांवर सोडली तर ड्रम आणि लायनर इतके तापतात की पकड सुटते, 'ब्रेक लागेना' म्हणतात ते हेच. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर टाकायचा, इंजिनला हवा दाबत ठेवून ती ऊर्जा घ्यायला लावायची, आणि न्यूट्रलवर तर कधीच उतरायचं नाही. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्याने तो सगळा भार ब्रेकवर ढकललेला असतो.

रेल्वेचंही गणित याच मापाचं. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी, दोन्ही घाटांत चढ ३७ ला १. ऐकायला किरकोळ वाटतो, दीड अंशाच्या आसपास. पण १,००० टनांच्या गाडीला त्या चढावर फक्त गुरुत्वाविरुद्ध धरायला २ लाख ७० हजार न्यूटन लागतात. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. उतरताना विजेची इंजिनं मोटारींचा जनित्रासारखा उपयोग करून ऊर्जेचा काही भाग तारेत परत टाकू शकतात. डिझेलच्या ट्रकला ही सोय नाही.

आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेकच गेले तर? त्यासाठी घाटात कॅच सायडिंग असतात, मुख्य मार्गातून फुटून चढत जाणारे फाटे. गतिज ऊर्जा परत उंचीत भरायची, एवढीच कल्पना. गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद असेल, तर घर्षण अजिबात धरलं नाही तरी ती सव्वाअकरा मीटर उंची चढून थांबते. ही एका ओळीची आकडेमोड तू स्वतः करून बघ. त्यात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, त्यामुळे गाडीला सहा डबे असोत की चोवीस, उंची तीच येते.